राजीखुशीने

बलदियाच्या चार नंबर खिडकीत
ती आधी दुकानांच्या पाट्या मोजायची.
लांबी, रुंदी, अरबी अक्षरं वर आहेत की नाहीत,
दिव्याची पाटी असेल तर दर वेगळा.
मी समोर, टायपिंगच्या दुकानात,
उम्म अल कुवैनच्या जुन्या बाजारात एकोणीस वर्षं,
मासळीचा वास आणि एसीखालची बादली
यांच्या मधल्या खुर्चीत.

मग तिनं परीक्षा दिली.
दुपारी माझ्या बाकावर बसून पाठ करायची
कुणाचा कागद करावा, कुणाचा करू नये.
आंधळा आला तर वाचून दाखवायचं, साक्षीदारांसमोर.
सही येत नसेल तर अंगठा,
आणि डावा की उजवा, तेही लिहायचं.
भाषा कळत नसेल तर दुभाषा,
दुभाष्यालाही शपथ.
पहिल्या खेपेला नापास झाली. बोलली नाही;
मला कळलं, कारण दुसऱ्या फॉर्मची फी
माझ्याच दुकानातून भरली.

न्यायाधीशासमोर शपथ घेताना हात कापत होता म्हणाली.
सोमवारी खिडकी तीच, खुर्ची तीच,
पगारही जवळजवळ तोच.
फक्त टेबलावर शिक्का, आणि काचेवर
अफरा बिन्त सईद, कातिब अल-अदल.

महिन्याभरात सख्खा भाऊ आला, बोट विकल्याचा कागद घेऊन.
तिनं त्याला अजमानला पाठवला.
ईदपर्यंत घरात कुणी धड बोललं नाही तिच्याशी.

आमचीही माणसं येतात.
चिपळूणचा फोरमन, फ्लॅटसाठी बायकोला मुखत्यार करणारा.
मुणग्याची नर्स, मुलाच्या पासपोर्टसाठी.
मी मराठीत विचारतो, अरबीत टाइप करतो,
शेवटची ओळ बोटांना पाठ:
राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कुणाच्याही दबावाशिवाय.
एकदा तिला मराठीत वाचून दाखवली.
हसली. राजी आमचा शब्द, अक्कल आमची,
मुखत्यार तर आमचाच. तुमचं काय आहे मग यात?
मी म्हटलं, दबाव.

गेल्या गुरुवारी मी स्वतः नंबर घेतला. त्रेचाळीस.
लिहून देणार: शरफुद्दीन दाऊद चोगले, मूळ राहणार बुरोंडी.
घरामागचे साडेतीन गुंठे, आई जिथे सोडे वाळवायची ती जागा,
धाकट्या भावाच्या नावे, कायमची.
मोबदला: काही नाही.
मीच टाइप केलेला कागद. चूक एकही नव्हती.

तिनं ओळख दाखवली नाही.
पासपोर्ट पाहिला, फोटो पाहिला, मग मला,
जणू इतकी वर्षं चहा कुणी दुसराच पाजत होता.
कोऱ्या जागांवर पट्टी धरून तिरक्या रेघा मारल्या,
मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून.
मग अरबीत विचारलं, विचारावंच लागतं तसं,
मधला एवढा एक शब्द मात्र माझा:
शरफुद्दीन, हे तू राजीखुशीने देतोयस?

दहा हजार वेळा टाइप केली असेल ती ओळ.
प्रश्न म्हणून कधी ऐकली नव्हती.
रात्रीचे फोन. भावजयीचं रडणं. मामूचा निरोप,
तिकडे दिरहम मोजतोस, इथली माती कशाला अडवून ठेवतोस.
मी तोंड उघडलं.
मागे चव्वेचाळीस नंबरवाला खाकरला.

तिनं पेनाला टोपण लावलं.
शिक्का उताणा ठेवला.
नोंदवहीत लिहिलं, मला दिसेल असं:
हजर. ओळख पटली. उत्तर नाही.
पुढचा नंबर, म्हणाली.

संध्याकाळी मी दोन चहा सांगितले.
ती आली, चपला काढून पाय लांब करून बसली,
भावाच्या बोटीचं काहीतरी सांगत राहिली.
कागदाबद्दल अक्षर नाही.
उठताना मात्र दारात थांबली.
सोडे, हा शब्द अरबी नाही ना?
नाही, म्हटलं.
तोही आमचाच.