निवनी

रुवैसच्या रिफायनरीत ऑगस्टचं शटडाउन.
रात्रपाळी, छत्तीस डिग्री, आणि हवा इतकी ओली
की हेल्मेटच्या पट्टीतून घाम मोजून पडतो.
माझं काम फायर वॉचचं:
दुसऱ्याच्या ठिणग्यांकडे बघत उभं राहायचं.
वेल्डिंग तपासायला कॅनडाहून आणलेला जेरमाया लिंकलेटर,
पन्नाशीचा, रुंद, कमी बोलणारा.
पहिला आठवडा मी त्याला नेपाळी समजत होतो.
तो हसला नाही. म्हणाला, क्री.

पाण्याच्या कॅनमधला बर्फाचा खडा तळहातावर घेऊन
तो फ्लडलाइटसमोर धरायचा.
पांढरा बर्फ खोटा, म्हणायचा. काळ्याच्या निम्मा जोर.
आमच्या गावाचा रस्ता नदीवरून जातो, हिवाळ्यात, दोन महिने.
तेवढ्यात वर्षाचं डिझेल, पीठ, छपराचे पत्रे.
आजोबा काठी आपटून ऐकायचे आणि सांगायचे, जा.
धरण झालं आणि काठीला कळेनासं झालं.
दक्षिणेतल्या शहरांना रात्री वीज लागते,
खालचं पाणी सोडून देतात,
बर्फ मात्र वर तसाच, लटकत, छतासारखा.
माझा भाऊ एझ्रा. स्नोमोबिल. मागच्या घसरगाडीवर अर्धा मूस.
एवढं सांगून तो गॉगल पुसत बसला,
पुसलेलाच.

मी म्हणालो, धरण आमच्याकडेही आहे.
कोयनेच्या पोटात आमचं गाव, निवळी.
वडील सहा वर्षांचे. ट्रकमध्ये जातं, कोंबड्या,
आणि गोणपाटात गुंडाळलेला देवीचा तांदळा.
उतरवलं सोलापूरकडे, सपाट काळ्या रानात.
चढ नाही म्हणून चुलत्याला वर्षभर नीट चालता आलं नाही.
घरी एक दाखला आहे धरणग्रस्ताचा, प्लास्टिकमध्ये.

त्यानं पाकिटातून कार्ड काढलं. ट्रीटी नंबर.
वर्षाला पाच डॉलर, अजूनही.
लाल कोटातला माणूस टेबल टाकून बसतो, कोरी नोट देतो.
आई ती कधी खर्चायची नाही.
शाळेत ती त्रेसष्ट नंबर होती.
केस कापले, आपली भाषा बोलली की तोंडात साबण.
मरेपर्यंत तिनं घरात साबणाची वडी
उघडी ठेवली नाही.
मी नकळत छातीवरचा बिल्ला उलटा केला.

एका रात्री गॅस टेस्टची वाट बघताना
त्यानं खडूनं पाइपवर त्यांची अक्षरं काढली.
त्यांची बाराखडी काना-मात्रा घेत नाही, अंग वळवते.
एकच त्रिकोण: खाली तोंड केलं की ए, वर केलं की ई,
उजवीकडे ओ, डावीकडे आ,
झोपेत माणूस कूस बदलतो तसा.
निवळी लिही, मी म्हणालो.
नी लिहिलं. टिंब देऊन वा. मग खडू थांबला.
हा आवाज आमच्या बोलीत नाही.
ल नाही तिथे ळ कुठला.
मग लिंकलेटर?
ते एका स्कॉटिश कारकुनाचं, म्हणाला.
कातडी घ्यायला आला, आडनाव ठेवून गेला.
माझं आडनाव माझ्या लिपीत मावत नाही.
आणि शेवटी आणखी एक नी लावून
त्यानं निवनी केलं.

सप्टेंबरात माणसं पांगली.
निरोपाला त्यांच्यात शब्द नाही. एकोसी म्हणतात,
म्हणजे झालं, एवढंच.
बसच्या पायरीवरून तेच म्हणाला.
आमच्यात जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात,
हे मला बस वळल्यावर आठवलं.
फेब्रुवारीत एक फोटो आला: बर्फ, काळा.
खाली काही लिहिलं नव्हतं.

त्या पाइपवर आता रॉकवूल, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा.
फेरीला गेलो की मी तिथे हात ठेवतो.
आत गॅस धावत असतो,
आणि त्याच्या अंगावर, अंधारात,
एका अक्षराला चुकलेलं आमचं गाव,
पाणी न लागलेलं.