मागच्या बाजूची खोली

नोव्हेंबरभर, दोहातल्या बंकबेडच्या वरच्या खणात
पांघरुणाखाली फोनचा उजेड लपवून
मी हॉटेलं शोधत होते.
माझ्याच बेटावरची. सिक्विहोरची.

फोटो मला फसवत नाहीत.
अकरा वर्षं मी रोज चौदा खोल्या आवरते.
पलंगावर पाच उशा रचल्या असतील, तर गादी बसलेली असते.
पडदा एकाच अंगाला ओढलेला असेल, तर मागे ओल.
आणि टबात फुलं तरंगत असतील
तर ती गंजाचा डाग झाकायला टाकलेली असतात,
विचारा टाकणाऱ्या बाईला.

शेवटी एक सापडलं.
पांढरी वाळू, नारळीला बांधलेला झोपाळा,
नाताळचा दर दुप्पट, किमान तीन रात्री,
ऐन हंगामात पैसे परत नाहीत.
मी बोट ठेवलं
आणि चार महिन्यांचा पगार
आवाज न करता गेला.

आईने तिची फुलांची साडीपिन केसांत खोचली नव्हती की काही नाही,
चर्चला जायचा निळा झगा तेवढा घातला
आणि माझी नजर चुकवून पिशवीत सुका मासा.
रिसेप्शनवरच्या मुलीने इंग्रजीत विचारलं, कुठून आलात?
आईने मागच्या टेकडीकडे हनुवटी केली.
मुलगी हसली, आमच्या भाषेत आली,
"म्हणजे कुणाच्या तुम्ही?"
पुढची दहा मिनिटं फॉर्म कोराच राहिला.
तिची आजी आणि माझा चुलत मामा
एकाच होडीचे भागीदार निघाले.

खोलीत आई पलंगाच्या कडेवर बसली,
उठली, आपलीच सुरकुती हाताने पुसली.
गॅलरीत मी खुर्ची समुद्राकडे वळवली,
तिने ती उलटी फिरवली.
"क्रिसांता बाई," मी चिडून नावानेच हाक मारली,
"ह्याचेच पैसे दिलेत मी. ह्या पाण्याचे."

ती सुक्या माशाचं शेपूट मोडत होती.
"तिकडे बघायचं असतं
कुणी बाहेर गेलेलं असलं की.
तू तर इथे बसलीयस."

मग जरा वेळाने, मीठ मागावं तसं,
"मागच्या बाजूला खोली मिळेल का गं?"

मागच्या बाजूला जनरेटर होता,
धोबीघराचा वाफेचा वास,
चादरी वाळत घातलेल्या रांगेने.
मुलीने दोनदा खात्री केली,
ही खोली स्वस्त आहे, पण फरक परत मिळणार नाही.
चालेल, म्हणाले. माझंच तोंड, माझाच विश्वास बसेना.

संध्याकाळी आईने खिडकी सताड उघडली.
माडांच्या वर, टेकडीच्या खांद्याला
एक तारा पेटला. लाल आणि हिरवा.
बांबूच्या कामट्यांचा, पतंगाच्या कागदाचा,
आमच्या दारावरचा.
"सहाला लाव म्हटलं होतं रेनांतला,"
ती घड्याळ बघून म्हणाली. "वीस मिनिटं उशीर केलाच मेल्याने."
आणि पलंगाच्या मधोमध आडवी झाली.

पहाटे साडेतीनला घंटा वाजली.
नाताळच्या आधीची शेवटची मिस्सा.
गेटवरच्या रखवालदाराने आम्हाला टॉर्च दिला,
त्याचीही आई वर चर्चमध्ये होती.
निघताना दिवा लावला तर पाहिलं,
आईने दोन्ही पलंग आवरून ठेवलेले,
वापरलेले टॉवेल एका गाठोड्यात,
"येईल त्या पोरीला तेवढंच सोपं."

मी सवयीने चादरीचे कोपरे तपासले.
तीन कडक. चौथा सैल, बाहेर आलेला.
हात पुढे गेला होता माझा.
मागे घेतला.