बारा तुकडे

कोंबडीचे तुकडे बाराच व्हायला हवेत, आई सांगायची.
अकरा झाले तर सासू हसते,
तेरा झाले तर अख्खं गाव.
इथल्या दुकानात नुसते पायच मिळाले, चार,
चारही डावे वाटावेत इतके सारखे,
प्लास्टिकखाली एकमेकांना बिलगून गारठलेले.
तिघांना पुन्हा बर्फात ठेवलं.
एकाला लिंबू-मीठ चोळून धुतलं सात पाण्यांनी,
लांबून आलेल्या पाहुण्याचे धुवावेत तसं.

ट्रॉम्सोमध्ये मे लागला.
यांचा ईस्टर होऊन महिना उलटला,
चॉकलेटची अंडी अर्ध्या किमतीला आली नि संपलीसुद्धा.
माझा उपास चालूच, पंचावन्न दिवसांचा.
डबा उघडला की सिगरून विचारायची, आजही डाळ?
आजही डाळ.

कांदा तेलाशिवाय परतायचा,
कोरड्या भांड्यात, मंद आचेवर,
त्याचं त्यालाच पाणी सुटून
त्याचं त्यालाच आटेपर्यंत.
घरी हे पाचजणींचं काम. एक चिरते, एक ढवळते,
एक कांद्याचं निमित्त करून रडून घेते,
उरलेल्या दोघी
यंदा कोण कोणाशी बोलत नाही त्याचा हिशेब ठेवतात.
तीन कांद्यांना एवढी माणसं लागत नाहीत.
वेळ मात्र तेवढाच लागतो.

मग बर्बरे.
देब्रे बिरहानहून कुणाच्यातरी मोज्यात दडून आलेला लाल मसाला.
भांड्यात पडला मात्र,
छतावरचं धुराचं यंत्र किंचाळलं.
खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घातला त्याला,
उगी उगी म्हणाले अम्हारिकमध्ये.
खालच्या मजल्यावरचा माणूस दार वाजवायला आला नाही.
आला असता तर
बसवलाच असता जेवायला.

अंडी सवयीने दोन उकडली.

घरी पहाटेचे तीन, म्हणजे आमच्या मोजणीत रात्रीचे नऊ.
इथे दोन.
खिडकीबाहेर धड अंधार नाही, धड उजेड नाही.
फोनमधलं चर्च थांबलं, घंटा झाली,
आईने पडद्याला नाक लावून विचारलं, तेल वर आलं का?
आलं.
बारा तुकडे?
हो, म्हटलं.

तव्यावरच्या जाड, ओबडधोबड इंजेराचा तुकडा तोडला,
रस्सा माखला, हात उचलला,
आणि सवयीनेच
तो समोर गेला.
गुर्शा. दुसऱ्याच्या तोंडात भरवायचा घास.
एक भरवला तर वैर होतं म्हणतात,
दोनाने दुरावा,
म्हणून तीन.
समोर फ्रिज होता.
हात वळवून आणला तोंडाशी.
चव बरोबर होती. तेच जास्त लागलं.

सातला ड्यूटी.
रोज सकाळी मी अकरा म्हाताऱ्यांना भरवते,
चमचा, रुमाल, चमचा.
आज दुसरं अंडं रुमालात बांधून नेलेलं,
कोणासाठी ते ठरलं नव्हतं.
अर्नफिनला माझं नाव आठवत नाही,
त्याला त्याचंही नेहमीच आठवतं असं नाही.
ओट्सची लापशी त्याच्या ओठांशी नेली
तर त्याने मनगट धरलं
आणि चमचा फिरवला माझ्याकडे, थरथरत,
थोडी लापशी माझ्या बाहीवर.
नियमात बसत नाही हे.
मी तोंड उघडलं.
कोमट, अळणी.

तो वाटी सरकवून देत होता.
मी दोन बोटं दाखवली,
अजून दोन.