नमुना

पोर्तुगालच्या उत्तरेला, बुचांच्या कारखान्यात
दियोलिंदा सकाळी सातला
काचेचे बत्तीस पेले मांडते.
प्रत्येकात एक बूच, रात्रभर भिजलेलं.
बाहेर पोत्यांत दहा हजार;
त्यांचं नशीब या बत्तिसांवर.

अंगाला साबण नाही, कॉफी दहानंतर.
झाकण उचलते, वाकते.
"ओली साल." "काही नाही." "काही नाही."
"तळघर."
मी तक्ता भरतो.
दोन तळघरं निघाली तरी माल जातो,
तिसऱ्याला परत.

इतकं कशाला, विचारलं तर म्हणते,
कुणाच्या तरी लग्नात बाटली उघडतील,
तेव्हा मी तिथं नसेन.

गुरुवारी सगळेच "काही नाही".
बत्तीसच्या बत्तीस. फोरमन आल्वारो खूश,
लॉरी सुरूसुद्धा झाली होती.
ती मात्र डब्यातली लसणाची पाकळी
अंगठ्यानं चिरडत होती.
नाकाशी धरली,
मग माझ्या नाकाशी.
मी मान मागे घेतली.
तिनं घेतली नव्हती.

"मंगळवारी ताप होता," म्हणाली,
"बुधवारचं नक्की सांगता येत नाही."

बुधवारचा माल पोर्तोच्या वाटेवर होता,
तोही माघारी बोलावला.
आल्वारो टेबलावर हात आपटून गेला.
तिनं लाल चिठ्ठी घेतली,
एरवी पोत्याला बांधते ती,
कारण लिहिलं, तारीख, सही,
आणि स्वतःच्या एप्रनच्या बटणाला अडकवली.

नाकारलं, हा शब्द मी अकरा वर्षं लिहितोय.
त्यातलं नाक तेव्हा दिसलं.

मी पेले ओतायला घेतले.
"थांब," म्हणाली,
"त्यांचा वास अजून कुणी घेतलेला नाही."