कुंपण लावेपर्यंत

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, म्हणतात.
आणि कुंपणच जेसीबीनं उचलून नेलं तर?

मारेगावचा रस्ता रुंद होत होता.
पैकूजींच्या धुऱ्यावरची चिल्हार, मेंदी, बाभळीची फांजरं
सगळं ट्रॉलीत.
यामिनीला तो फाळक्यावर दिसला, शाळेतून येताना.
मागचा एक पाय लोंबत,
शेपटी सुतळीच्या गुंडीसारखी आवळलेली,
अंग काळं ठिक्कर.
"फेक वो पोरी, इखारी असते थे!" पैकूजी ओरडले.
तिनं पोळीच्या डब्यात आणला,
झाकणाला कर्कटकानं भोकं पाडून.

कुळमेथे वनरक्षक आले,
गाडी बंद न करताच म्हणाले,
"पाळाचा नाही, गुन्हा हाय.
पाय बरा होईस्तोवर ठेवा. मंग सोडा.
अन् फोटो पाठवत जा."

माझं दुकान मोटर वाइंडिंगचं.
जळलेली कॉइल मी डोळे मिटून उलगडतो,
हे जनावर उलगडत नव्हतं.
थंडीत कूलर रिकामाच. पंखा काढला, पंप काढला,
जाळ्यांमधलं कुजकं गवत उपसलं,
आत सीताफळाच्या फांद्या, मेंदीची कुंडी,
आडव्या काड्या तांब्याच्या तारेनं बांधल्या,
त्याची मूठ बसेल एवढ्याच जाड.
मूठच ती. दोन बोटं इकडे, तीन तिकडे,
माझ्या पक्कडीसारखी.

वाटीत पाणी ठेवलं.
तीन दिवस तो वाटीवरून पाहत राहिला,
एका डोळ्यानं मला, दुसऱ्यानं टिनाचं छप्पर.
डोळे खोल गेले.
शकुन म्हणाली, "अवो, यानं जल्मात वाटी पायली काय?
पानावरचं पाणी पेत असन थे."
मग गुरांच्या दवाखान्यातून सलाईनची रिकामी बाटली,
नळी, चाकी, सगळं.
मेंदीवर सोडलं:
थेंब.
बराच वेळ काही नाही.
थेंब.
त्यानं मान उचलली, आणि पानाची कड चाटली.
त्या दिवशी दुकान मी अकराला उघडलं.

पाच रुपयांना दहा नाकतोडे, असा भाव यामिनीनं ठरवला.
आळीतली पोट्टी बाटल्या भरून रांगेत.
जीभ कुणालाच दिसली नाही.
नाकतोडा होता, मग नव्हता.

लोक रंग पाहायला यायचे.
कुणी लाल दुपट्टा धरायचं, कुणी खताचं निळं पोतं.
तो लाल झाला नाही, निळा झाला नाही.
हात लावला की काळा.
सकाळी उन्हाकडची कूस तेवढी काळी, दुसरी हिरवी.
आणि रात्री, बॅटरीच्या उजेडात,
झोपेत फिकट पिवळा,
लिंबाचं पान गळायच्या आधी होतं तसा.
आपण निजल्यावर कसे दिसतो, मला माहीत नाही.

माघ सरता सरता तो चारही पायांनी चढू लागला.
एक पाऊल पुढे, अर्धं मागे,
वारा नसताना वाऱ्यात हलल्यासारखा.
कुळमेथेंचा फोन आला. "बरा झाला काय?"
"नाही साहेब, लंगडते अजून."
फोन ठेवला. यामिनी दारात उभी.
"बाबा," ती म्हणाली, "रंग त तुमीच बदलला."

धुऱ्यावर मी पहिल्यांदा वाकलो ते त्यानंतर.
नव्या रस्त्याच्या कडेनं, पैकूजींना विचारून,
मेंदीच्या काड्या लावल्या, वीतभर अंतरावर.
पैकूजी म्हणाले, "कोणाच्या ढोरासाठी रे हे कुंपण?"
मी म्हटलं, "ढोर नाही."

सोडला मात्र नाल्याकाठच्या दाट करवंदीत,
कुळमेथेंच्या समोर, सही करून.
फांदीवर बसला. एक डोळा आमच्यावर,
दुसरा केव्हाच पलीकडे.
यामिनी रडली नाही. तिनं डबा पुसला.

चैत्रात शकुननं कूलर मागितला.
नवं गवत भरलं, पंखा बसवला,
एका जाळीला चिकटलेली कातीची पारदर्शक चिंधी
तिनं पुसली नाही. मीही नाही.
सलाईनची बाटली आता धुऱ्यावर आहे,
काठीला उलटी बांधलेली.
सतरा काड्यांपैकी नऊ जगल्यात.
घोट्याएवढं कुंपण.
बाटली मी रोज एका काडीवरून दुसरीवर हलवतो.
घाई केली तर पाणी वाहून जातं.