दहावा हिस्सा

वाटणीत ट्रक वेर्नरकडे गेला,
सौना माझ्याकडे आली.
वकिलाने दोन्ही एकाच ओळीत लिहिलं होतं,
मध्ये एक स्वल्पविराम.
ओढणारा निघून गेला, ओढायचं मागे राहिलं,
हे त्या स्वल्पविरामाला कुठून कळणार?

दोन हिवाळे ती गॅरेजमागे उभी होती,
चाकांवरची देवदारी खोली,
छपरावर गुडघाभर बर्फ, धुराड्यात चिमणीचं घरटं.
आणि माझी नऊ वर्षांची एसयूव्ही,
किराणा आणि एक आजारी कुत्रा
याहून जड काही तिने कधी वाहिलेलं नाही.

हॅन्कॉकच्या दुकानात क्लाइड हेक्किला विचारतो, ओझं किती?
मी म्हणते, सात माणसं मावतात, आठवा चिडतो.
तो हसत नाही.
"हा हिच पाच हजार पौंड ओढेल.
तुमची गाडी साडेतीन.
गोळ्याचा आकडा गोळ्यावर कोरलेला असतो.
सगळ्यांत लहान आकडा, तो तुमचा."
समुपदेशक बाईंनी सहा बैठकांत
इतकं स्वच्छ काही सांगितलं नव्हतं.

मग आर्वोच्या ट्रॅक्टरमागून खडीच्या खाणीवर,
काट्यावर सौना भरली दोन हजार चारशे.

शनिवारी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरून
मी गाडीखाली शिरले.
आर्वो अठ्ठ्याहत्तरचा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
बॅटरी धरायचं काम त्याच्याकडे.
तो भलतीकडेच उजेड पाडायचा, पण मनापासून.
सायलेन्सरचे रबर साबणाच्या पाण्याने सुटले.
नऊ हिवाळ्यांचं रस्त्यावरचं मीठ
बोल्टांवर तपकिरी होऊन बसलेलं,
आदल्या रात्री तेल पाजलं होतं, तरी ते कुरकुरले.

नवा बोल्ट फ्रेमच्या पोटातून वायरीने ओढून आणायचा,
म्हणजे दोऱ्यात सुई ओवायची.
तिसरा निसटला.
आत कुठेतरी टण्.
"गेला," आर्वो म्हणाला,
आणि आम्ही दोघं थोडा वेळ गप्प राहिलो.
क्लाइड स्वतः येऊन तसाच दुसरा देऊन गेला,
दोन डॉलर मोजून घेतले, चहा नको म्हणाला.

टॉर्कचा पाना मला आवडला.
पुरेसं झालं की टक् म्हणतो.
माझ्या माहितीत असं कुणी नाही.

दिवे तपासायला आर्वो मागे उभा.
"डावा लागला. उजवा लागला. ब्रेक दाबलास?
मोठा लाल दिसतोय."
तो सूर्य होता, तळ्यामागे बुडत होता.

ट्रेलरची जीभ न्हाणीघरातल्या काट्यावर टेकवली,
ज्यावर पंधरा वर्षं मी स्वतःला रागाने तोललंय.
नव्वद.
हवे होते दोनशे चाळीस.
ज्याला मागून न्यायचं, त्याचा दहावा हिस्सा
आपल्या पाठीवर पडावाच लागतो,
नाहीतर तो रस्त्यात शेपूट हलवू लागतो
आणि मग कोण कोणाला नेतंय कळत नाही.
भट्टी मागच्या टोकाला. वेर्नरचं डिझाइन.
भट्टीतले दगड एकेक उचलून पुढे आणले,
पाण्याचा पिंप पुढे, बर्चच्या लाकडांची मोळी पुढे.
दोनशे छत्तीस.
चार पौंड मी देवाला सोडले.

पेट्रोल पंपावर वेर्नर भेटला.
माझ्याकडे नाही, खाली वाकून बघितलं.
"गोळा कितीचा?"
"दोन इंची."
मान हलवली. गेला.

आता प्रत्येक वळणाला तो हरवलेला बोल्ट
फ्रेममध्ये इकडून तिकडे घरंगळतो.
आर्वो म्हणतो, डावीकडे वळलीस.
त्याला दिसत नाही, पण बरोबर सांगतो.

तळ्याकाठी दगड परत भट्टीत रचायचे होते.
एकोणिसावा घेऊन वळताना
नडगी हिचवर अशी आपटली
की पलीकडची बदकं उडाली.
"कोण ओरडलं?" आर्वोने विचारलं,
टॉवेल खांद्यावर, पाय आधीच पाण्यात.