लाईट गेली तरी

मैनोद्दीनभाईंच्या उजव्या हाताचं
अंगठ्याजवळचं बोट वाकत नाही.
चहाची कपबशी धरली तरी ते सरळच.
समोरच्याला वाटतं, हा माणूस
सारखा काहीतरी दाखवायलाय.

उदगीरला, देगलूर रोडच्या मंगल कार्यालयात
पहिल्या दिवशी मशीनला हात लावू दिला नाही त्यांनी.
आधी वायर चाचप म्हणाले, टोकापासून टोकापर्यंत,
कुठं साल निघाली का बघ.
तिसरी पिन हाय का,
का कुण्या शहाण्यानं मोडली, बोर्डात बसंना म्हणून?
"लातूरहून हप्त्यावर आणलंय, नागनाथ.
हप्ता फिटायचाय अजून.
तू आधी फिटू नको."

मग खिडक्या. सगळ्या.
गंजलेल्या कड्या हातोडीनं ठोकून उघडल्या.
दारांना ऑइल पेंट मारायच्या दिवशी तर
मंडपवाल्याला बिडीसकट रस्त्यापलीकडं धाडलं;
थिनरचा वास म्हणे ठिणगीच्या शोधात
जमिनीलगत हिंडत असतो.

मी रुमाल बांधून आलो होतो, ऐटीत.
रुमाल धुळीला, म्हणाले, हे धुकं हाय.
आणि दोन्ही गालांवर डबे असलेला मास्क
माझ्या तोंडावर आवळला.
"कोळपताना बैलाला मुसकं कामून बांधतेत?
पीक खाऊ नये म्हणून.
तू रंग खाऊ नको."

बदामी रंग.
भिंतीपासून दीड वीत, मनगट न फिरवता,
चालत चालत, श्वासाच्या लयीत.
जिथं ब्रशला आठ दिवस लागले असते
तिथं दुपारपर्यंत अर्धं छत.
मला वाटलं, आपल्याला आलं.

अडीचला लाईट गेली.
फवारा थुंकल्यासारखा तुटला,
नळीच्या तोंडाशी सुकल्या रंगाची खपली.
मी सहज बोट नेलं पुसायला,

आणि रोलरची काठी मनगटावर बसली.
एकदाच मारलं त्यांनी मला. तेवढंच.

"लाईट गेली.
पायपातला जोर कुठं गेला?"

मग काही न बोलता त्यांनी
बटण बंद केलं, प्लग उपसला,
वायरीचं टोक उपरण्यासारखं खांद्यावर टाकलं:
लाईट येताना कुणाला विचारून येत नाही.
चावी फिरवली. बंदुकीचं तोंड बादलीच्या कडेला लावून
घोडा दाबला.
मेलेल्या मशीनमधून
एक लांब, बदामी उसासा निघाला.
घोड्याला खटका लावला.
मग नळीचं तोंड काढून माझ्या तळहातावर ठेवलं,
आता पूस.

परळीच्या क्वार्टरांचं काम होतं, ते म्हणाले, माझं लग्न व्हायचं होतं.
बाभळीचा काटासुद्धा मोठं भोक पाडतो.
रक्त नाही, आग नाही.
चिंधी बांधून संध्याकाळपर्यंत काम ओढलं.
कंपाउंडरनं धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, जा म्हणाला.
तिसऱ्या दिवशी लातूरच्या डॉक्टरनं
बोटापासून तळव्यापर्यंत उघडलं,
तर आत पांढरा.
शेवटचा हातसुद्धा आतनं मारलेला, एकसारखा.

"एवढंसं भोक बघून घरी धाडतेत.
तू जायचं नाही.
दारातनंच ओरडायचं:
जोराच्या मशीनचा रंग आत शिरलाय,
कापणारा डॉक्टर बोलवा, आत्ता.
लाज वाटली तरी ओरडायचं."

मी मनगट चोळत होतो.
नळीचं तोंड हातात, पुसून झालेलं,
पण परत बसवायला हात धजत नव्हता.

साडेतीनला लाईट आली.
हॉलमधले सोळा पंखे एकदम फिरले,
फरशीवरचे जुने पेपर उडाले, मी दचकलो.
मशीन तेवढं गप्प. प्लग भाईंच्या खांद्यावर.

ते वर बघत होते, बोट नेहमीसारखं ताठ.
मला कळायला जरा वेळ लागला
की या खेपेला ते खरंच दाखवायलेत:
पूर्वेच्या कोपऱ्यात, तुळईच्या मागं,
वीतभर जागा राहिली होती.